पन्नास नंबरचा उंदीर

पांढऱ्या उंदराचा कान इतका पातळ असतो की तो खिडकीसमोर धरला, तर पलीकडचा उजेड गुलाबी होऊन दिसतो आणि त्यातल्या शिरा मोजता येतात. अशा कानाला पाडलेली खाच साधारण दहा दिवसांत बरी होते. बुजत नाही, तिची कड गुळगुळीत होते आणि कडेवर बारीक लव उगवते. आठ महिन्यांपूर्वी पाडलेल्या खाचेची कड लाल असू शकत नाही.

त्या बुधवारी सकाळी माझ्या हातातल्या उंदराच्या कानाची कड लाल होती.

“ताई, आकडा बरोबर हाय,” प्राणिगृह सांभाळणारे ईश्वरामामा म्हणाले. “चाळीस.”

टेम्पो अजून दारातच उभा होता. ड्रायव्हर पिंजरे उतरवून, नाकाला रुमाल लावून लांब निंबाखाली जाऊन थांबला होता. मामांनी सगळे पिंजरे फळ्यांवर जागच्या जागी लावले, गुडघे धरून खाली बसले आणि जिभेने टाळूवर आवाज काढला. टक. टक-टक.

प्राणिगृहात हा आवाज रोज सकाळी आठ वाजता व्हायचा. तो ऐकला की चाळीसच्या चाळीस उंदीर जाळीपाशी येऊन मागच्या पायांवर उभे राहायचे. सगळ्यांत आधी यायची पाच नंबरची म्हातारी मादी. तिची शेपटी टोकाला मोडलेली होती. मामा तिला गौराक्का म्हणायचे.

त्या सकाळी एकही उंदीर पुढे आला नाही. सगळे कोपऱ्यात एकमेकांच्या अंगाखाली शिरून बसले होते.

“भ्यालेत,” मामा म्हणाले. “परक्या जागंत ऱ्हाऊन आलेत न्हवं. दोन दिस जाऊ देत.”

“कानसुद्धा लाल दिसतायत,” मी म्हणाले. “जाळीला घासले असतील.”

मामांनी माझ्याकडे बघितलं. “आसंल,” ते म्हणाले.

मी उंदीर परत पिंजऱ्यात ठेवला. त्याच्या कानावरचा नंबर मी वाचला नाही. वाचायला दोन सेकंद लागतात.

ही गोष्ट एकवीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा कोल्हापूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्रात पीएच.डी. करत होते. उंदरांना नंबर देण्याची आमच्या विभागाची स्वतःची पद्धत होती. विभागप्रमुख चौगुले सरांनी ती तरुणपणी बसवली होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. उजव्या कानावर एकं, डाव्या कानावर दहं. कडेला कुठे आणि किती खाचा आहेत त्यावरून आकडा ठरायचा. पाच म्हणजे उजव्या कानाच्या मधोमध दोन खाचा आणि डावा कान कोरा. पन्नास म्हणजे नेमकं उलटं.

प्रयोग संपला की उंदीर मारायचे, हा नियम होता. काचेच्या बरणीत क्लोरोफॉर्मचा बोळा टाकायचा, झाकण लावायचं आणि थांबायचं. हे काम मामांचं. मग ते रजिस्टरात तारीख आणि संख्या लिहायचे, पुढे ‘नष्ट’ असा शेरा मारायचे आणि शेवटच्या रकान्यात आम्ही सही करायचो. तीस वर्षांत त्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता.

फेब्रुवारीत माझा प्रयोग संपला. मी तारीख सांगायला गेले तेव्हा मामा पिंजऱ्यातला भुसा बदलत होते. मागे न वळताच ते म्हणाले, “ताई, ही चाळीस माज्या हातनं न्हाई व्हायची.”

“म्हणजे?”

“न्हाई व्हायची. जूनला मी रिटायर. ही शेवटची. घरला न्हेतो ह्यास्नी. घरात हाय कोन दुसरं?”

खरंच कोणी नव्हतं. मामांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर कोडाचे डाग होते, आणि कपडे किती धुतले तरी त्यांना उंदरांचा वास यायचा. विभागातले शिपाई त्यांच्याबरोबर डबा खात नसत. त्यांचा कप वेगळा होता. कान तुटलेला, निळ्या फुलांचा. तो प्राणिगृहाच्या बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा, आणि चहावाला पोऱ्या किटली उंच धरून, कपाला लागणार नाही अशा बेताने त्यात चहा ओतायचा. मुलं मामांना उंदीरमामा म्हणायची. मामा त्यावर हसायचे. म्हणायचे, “खरंच हाय की. उंदरांचाच मामा मी. भाचरं मोजायला कागूद लागतो.”

हे सगळं मी घरी जेवताना सांगायचे. आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पण माझा भाऊ सुबोध, सुबोधदादा, हातातला घास तसाच ठेवून ऐकायचा. “मग?” विचारायचा. “तो आवाज कसा काढतात, कर बघू.” मी करून दाखवायचे. दादा तेव्हा त्याचा पहिला चित्रपट लिहीत होता. त्याआधी त्याने दुसऱ्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली होती. इतक्या कामातून तो माझं बोलणं मन लावून ऐकतो, याचं मला फार बरं वाटायचं.

चित्रपट भीतीचा होता. गावाने टाकलेला एक माणूस, त्याचे उंदीर आणि ते उंदीर बुडवायचा एक प्रसंग, एवढंच मला माहीत होतं.

मामांचं बोलणं मी त्याच संध्याकाळी दादाला सांगितलं.

“कागदावर मेले म्हणूनच लिहायचे आहेत ना?” दादा म्हणाला. “मग मला दे. बाकीचं चित्रीकरण झालंय, उंदरांचेच प्रसंग राहिलेत. मला चाळीस माणसाळलेले उंदीर पाहिजेतच. बावीस दिवसांत परत. जूनपर्यंत मामांनी सांभाळायचे, मग घेऊन जायचे.”

“विभागातून प्राणी बाहेर न्यायला परवानगी लागते.”

“मेलेल्यांना कसली परवानगी?”

“त्यात बुडवायचा प्रसंग आहे, म्हणाला होतास.”

“तो कापसाच्या उंदरांवर करायचाय, बाई. चल, दाखवतोच.”

आणि त्याने खरंच दाखवलं. कुंभार गल्लीत एका गणपतीवाल्याने साठ उंदीर करून दिले होते. कापसाचे, वरून पांढरी मखमल, डोळ्यांना लाल मणी. दोरीवर शेपट्यांनी टांगून वाळत घातले होते. गणपतीवाला म्हणाला, “आमास्नी उंदीर कराय सांगाय लागत न्हाई, ताई. पिढ्यान्‌पिढ्या करतोय.” आम्ही तिघं हसलो.

लहानपणी माझ्या हातून काही फुटलं की दादा आईला सांगायचा, मी फोडलं. मार खायचा आणि नंतर मला डोळा मारायचा. माझा त्याच्यावर विश्वास होता, हे मी मुद्दाम लिहीत नाही. तो असतोच, हवेसारखा.

मामांना मी सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, “तुमी म्हनताय न्हवं? मग न्या.” त्यांनी रजिस्टरात आपल्या अक्षरात लिहिलं: चाळीस, नष्ट. शेवटचा रकाना माझ्याकडे फिरवला.

“नंतर करते,” मी म्हणाले. खोट्यावर सही करायला हात होईना. मामांच्या अक्षरात ते खोटं आधीच लिहिलेलं होतं, याचा मी तेव्हा विचार केला नाही.

दादाच्या सहायकाला मी एक तक्ता काढून दिला. उंदीर आणि त्याच्या कानांवरचे चाळीस नंबर, म्हणजे रोज संध्याकाळी एकेक तपासून पिंजऱ्यात घालता येईल. चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी गूळ मार्केटमागच्या गोदामात जाऊन पाहूनही आले. उंदीर मजेत होते. गौराक्का कॅमेऱ्याच्या पेटीवर बसून शेंगदाणा खात होती.

त्या बुधवारी उंदीर परत आल्यावर चार दिवस गेले, सहा गेले. मामा रोज सकाळी टक-टक करत, आणि कोणी येत नसे.

“ताई, एकदा वाचून बगा की,” ते म्हणायचे.

“बघते. हे दोन तक्ते संपवते आणि येते.”

मी जायची नाही.

इकडे दादा रोज प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक कागद ताटाशेजारी ठेवायचा. चित्रपटात प्राणी होते म्हणून जाणकाराचं प्रमाणपत्र लागणार होतं. मजकूर त्याने टाइप करून आणला होता. चित्रीकरणात एकाही प्राण्याला इजा झालेली नाही, सर्व चाळीस प्राणी सुस्थितीत परत मिळाले. खाली माझं नाव, त्यापुढे एम.एस्सी.

“विदू, एवढी सही राहिलीय. बाकी सगळे कागद गेलेत.”

“करते रे.”

“कधी? तुझी सही नाही म्हणून पिक्चर डब्यात पडून राहायला नको.”

“अगं, कर की,” आई म्हणायची. “सही ती काय, भाजी चिरायची आहे का?”

“रविवारी करते,” मी म्हणाले. रविवारी सकाळी शहरातल्या एका थिएटरात चित्रपट पहिल्यांदा दाखवायचा होता, फक्त बोलावलेल्या माणसांना.

शनिवारी दुपारी मामा स्वतः प्रयोगशाळेच्या दाराशी आले. ते कधीच तिथे येत नसत. आत न येता उंबऱ्यापाशी थांबले.

“ताई, माजं कोन ऐकतंय? तुमी वाचलं तरच त्ये वाचलं म्हनायचं. एक डाव या.”

मी गेले. पहिला उंदीर हातात घेतला. खपल्या पडून गेल्या होत्या. कडा आता स्वच्छ दिसत होत्या. उजवा कान कोरा. डाव्या कानाच्या मधोमध दोन खाचा.

मी उंदीर फिरवून पुन्हा पाहिलं. मग दिव्याखाली नेऊन तिसऱ्यांदा.

“किती?” मामांनी विचारलं.

“पन्नास.”

“आपल्याकडं पन्नास कवा हुता?”

“नव्हता.”

पुढच्या पिंजऱ्यात साठ निघाला. मग सत्तर, ऐंशी, नव्वद. मी सगळेच्या सगळे चाळीस उंदीर वाचले. चूक कुठे झाली ते तेव्हा लख्ख कळलं. माझा तक्ता पाठमोऱ्या उंदराचा होता, कारण आम्ही उंदीर तसाच धरतो. तोंडासमोर धरला तर चावतो. ज्यांनी हे कान कापले त्यांनी उंदीर आपल्याकडे तोंड करून धरला होता, आणि चित्राच्या उजवीकडे जे दिसलं ते आपल्या उजवीकडे कापलं होतं. पाचाचे पन्नास झाले. सहाचे साठ. कापणारा उंदरांच्या सवयीचा नव्हता. पण माझा तक्ता त्याच्यासमोर होता.

“एकपण आपला न्हाई?” मामा म्हणाले.

“नाही.”

मामा वळले. त्यांनी भिजवलेल्या हरभऱ्यांची वाटी उचलली आणि रोजच्यासारखी एकेका पिंजऱ्यात मूठ टाकत गेले. शेवटच्या पिंजऱ्यापाशी थांबून म्हणाले, “ह्यांचा काय गुन्हा?”

घरी दादा नवा सदरा इस्त्री करत होता. मी दारातूनच म्हणाले, “परत आलेले उंदीर आमचे नाहीत.”

त्याने इस्त्री उभी ठेवली. माझ्याकडे बघून हसला, लहानपणी हसायचा तसा.

“ओळखलंस ना? मी म्हणालो होतो त्या पोरांना, माझी बहीण ओळखेल.”

“दादा, ते कुठे आहेत?”

“पळाले. शेवटच्या दिवशी गोदामाचं शटर अर्धं उघडं राहिलं. सगळे गेले.”

“सगळे?”

“गुळाचं गोदाम आहे, विदू. तुझ्या भुशापेक्षा मजेत असतील.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तू रडत बसली असतीस. म्हणून बाजारातून दुसरे आणले. तू दिलेल्या तक्त्यावरून दोन पोरांनी दोन दिवस बसून कान कापले. तुला त्रास नको म्हणून एवढं केलं, तर त्यातही तू...”

“मामांना पहिल्या दिवसापासून कळलंय.”

“मामांचं काय, चार दिवसांत ह्यांच्यावरही जीव लावतील.” त्याने पुन्हा इस्त्री हातात घेतली. “आणि ऐक, उद्या तुझे चौगुले सरही येणार आहेत. निर्मात्यांनी परस्पर तुमच्या प्राचार्यांना आमंत्रण दिलंय.”

“दादा! सरांना यातलं काही माहीत नाही.”

“कळणार कसं? पांढरा उंदीर पांढऱ्या उंदरासारखाच दिसतो.”

पळाले, यावर मी विश्वास ठेवला. ठेवण्यासारखं होतं म्हणून नाही. दुसरं काही मला नको होतं म्हणून.

रविवारी सकाळी मामा थिएटरच्या फाटकापाशी उभे होते. पांढरा सदरा, कपाळाला गंध, पायांत नव्या चपला. दादाने त्यांना गाडी पाठवून बोलावलं होतं.

“मामा, ते पळालेत,” मी म्हणाले. “शटर उघडं राहिलं होतं.”

“जित्ती हाईत म्हनता?”

“हो.”

त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मला नमस्कार केला की कुणाला, ते कळलं नाही. “गौराक्का बेरकी हाय,” ते म्हणाले. “तिनंच वाट दावली आसंल समद्यास्नी.”

चित्रपटाआधी दादाने मामांना मंचावर बोलावलं. ज्यांच्यामुळे हा चित्रपट सुचला ते ईश्वरा भोपळे, असं म्हणून त्यांच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला. टाळ्या पडल्या. सर माझ्या दोन रांगा पुढे बसले होते. त्यांनी मागे वळून माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मामांना पहिल्या रांगेत, मधोमध बसवलं.

दिवे गेले. पहिल्याच दृश्यात एक खिळा दिसला. खिळ्याला कान तुटलेला कप. निळ्या फुलांचा.

मग तो माणूस आला. चेहऱ्यावर आणि हातांवर पांढरे डाग रंगवलेले. तो गुडघे धरून बसला आणि जिभेने टाळूवर आवाज काढला. टक. टक-टक. आणि अंधारातून उंदीर आले, आमचे उंदीर, हा आवाज माहीत असलेले, ओळीने जाळीपाशी येऊन मागच्या पायांवर उभे राहिले. सभागृहात कोणी तरी शिटी मारली.

त्या माणसाने गावातली माणसं एकेक करून उंदरांकडून खाववली. तो हसताना त्याच्या हिरड्या दिसत. बायका डोळ्यांवर हात घेत होत्या. मध्यंतरानंतर बाल्कनीतून कोणी तरी मोठ्याने टक-टक केलं, आणि सगळे हसले. पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या सदऱ्याकडे बोटं झाली. मी जेवताना सांगितलेलं सगळं तिथे होतं. डबा खायला लांब बसणारी माणसं. उंच धरलेली किटली. ‘भाचरं मोजायला कागूद लागतो’ हे वाक्यसुद्धा. ते वाक्य तो माणूस एका मुलाचा गळा दाबताना म्हणत होता.

शेवटी गावकरी त्याला घेरतात. गोदामात काकवीची टाकी असते. त्याचे उंदीर टाकीत ढकलले जातात.

दादा येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. मी लाल मणी शोधत होते. मणी असते तर डोळे हलले नसते.

पडद्यावर टाकी. दाट, काळपट काकवी. तिच्यात पांढरं काही तरी धडपडत होतं आणि बघता बघता तपकिरी होत होतं. पुढचे पाय कडेला लागत, घसरत. कॅमेरा जवळ गेला. एक कान पडद्यावर आला, सुपाएवढा. उजवा कान. मधोमध दोन खाचा, कडा गोल, कडेवर लव, लवेवर काकवीचा एक थेंब. मग उंदीर वळला आणि डावा कान दिसला. कोरा. त्यामागे मोडकी शेपटी.

पहिल्या रांगेतून हलकासा आवाज आला. टक. टक-टक.

तो पडद्यावरचा नव्हता. मामा तिला बोलावत होते.

“दादा,” मी म्हणाले.

“कापसाचे तरंगत होते, विदू,” तो माझ्या कानात म्हणाला. त्याचा आवाज खरोखर अजिजीचा होता. “दोन दिवस प्रयत्न केला. बुडतच नव्हते. काय करणार होतो मी?”

“सगळे?”

“प्रत्येक वेळी नवे लागत होते. एकदा अंग माखलं की परत वापरता येत नव्हते.” मग तो म्हणाला, “तसेही मारणारच होतात ना तुम्ही?”

दिवे लागले तेव्हा मामा उभे होते. त्यांनी अंगावरची शाल काढली, नीट चौघडी घातली आणि खुर्चीवर ठेवली. तिच्यावर नारळ ठेवला. बाहेर जाताना लोक त्यांना वाट देत होते, जरा जास्तच रुंद.

बाहेरच्या दालनात चहा होता. निर्माते दादाच्या पाठीवर थाप मारत होते, “सुबोधराव, अंगावर काटा आला बघा!” चौगुले सर कप न घेताच आमच्याकडे आले.

“विदुला, ती कानाची खाच पाहिलीस?”

“हो, सर.”

“ती माझी खाच आहे. माझ्या विभागाची. पाच नंबर.” सरांचा आवाज वाढला नाही. “तुझ्या प्रयोगातले उंदीर फेब्रुवारीत नष्ट झालेत. रजिस्टर मी स्वतः पाहिलंय. मेलेला उंदीर सिनेमात कसा बुडतो?”

मी शब्द जुळवत होते. दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“सर, हिला यातलं काही माहीत नाही,” तो म्हणाला. “उंदीर आम्हाला ईश्वरामामांनी दिले. परस्पर.”

इतक्या सहज. काच मी फोडली, म्हणायचा तसंच. फक्त या वेळी नाव दुसऱ्याचं होतं.

सर वळले. मामा दाराजवळ चपला शोधत होते. “ईश्वरा, इकडे ये. हे खरं आहे?”

मामा आले. त्यांनी दादाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मला एरवी वेळ मोजायची सवय आहे.

“व्हय सर,” ते म्हणाले. “म्याच दिलं.”

“तुला नियम माहीत नाही? जूनमध्ये निवृत्त होणार तू. तीस वर्षांच्या नोकरीवर शेवटी हा डाग?”

“डागाचं काय, सर,” मामा म्हणाले. “हाईतच की.”

“उद्या सकाळी ऑफिसात ये. लेखी दे.”

“देतो.”

“झालं, मिटलं,” दादा हळूच मला म्हणाला. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढला, चहाच्या टेबलाचा कोपरा रुमालाने पुसला आणि कागद त्यावर ठेवला. खिशातलं पेन काढून, टोपण उघडून माझ्यासमोर धरलं. “आता एवढी सही कर. घरी आई शिरा करून वाट बघतीय.”

मी पेन घेतलं. कागदावर माझं नाव होतं, त्याच्यावर मोकळी जागा. अकरा दिवस मी ती जागा टाळत होते. आणि त्याआधी फेब्रुवारीपासून दुसरी एक.

“सर,” मी म्हणाले.

सर जाता जाता थांबले. मामा मान हलवत होते, नको, नको.

“सर, मामा खोटं बोलतायत. उंदीर मी दिले. कुणाला न विचारता. मामांनी रजिस्टरात जे लिहिलं ते मी सांगितलं म्हणून लिहिलं.”

“विदू!” दादा म्हणाला. “वेडी आहेस का? तुझी पीएच.डी.…”

मी पेनाला टोपण लावलं आणि ते कागदावर आडवं ठेवलं. कागद त्याच्याकडे सरकवला.

“दादा, ही सही मी करणार नाही. आज नाही, कधीच नाही. रजिस्टरातली तेवढी राहिलीय, ती उद्या सकाळी सरांसमोर करीन. तिथे ‘चाळीस, नष्ट’ लिहिलंय. ते आता खरं झालंय.”